वेगाची गाडी, मुक्कामाचा प्रवास



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, आरोग्य, अर्थकारण अशा विषयांवर जाणती मंडळी बोलत आली आहेत. मी नववीत शाळा सोडून कारखान्यात गेलेला माणूस. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर बसून. त्यातून मी आज निवडलेला विषय म्हणजे वेगवान मोटारसायकलवरचा दूरचा प्रवास! विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “कामगार चळवळीवर बोला की हो, ही पोरांची हौस कशाला?” मी त्यांना म्हटले, “चळवळीवरच बोलणार आहे, फक्त दुचाकीवर बसून बोलणार आहे.” ते हसले. तुम्हीही हसाल. पण तासाभराने उठाल तेव्हा माझे म्हणणे अगदीच थट्टेचे नव्हते, असे तुम्हांला वाटावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम, माझ्यासारख्या माणसाकडे असली गाडी आली कशी, ते सांगतो. २००३ साली हिरो होंडाने करिझ्मा नावाची गाडी बाजारात आणली. २२३ सीसीचे इंजिन, पुढे वारा कापणारे आवरण, पंधरा लिटरची टाकी. त्या वेळच्या तरुणांना तिने वेड लावले होते. आमच्या युनियनमधल्या एका जुळणी कामगाराने ती हप्त्यांवर घेतली. पुढे त्याचा कारखाना बंद पडला. हप्ते थकले. एके दिवशी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “दादा, बँकेने ओढून नेण्यापेक्षा तुम्हीच घ्या.” मी उरलेले हप्ते फेडले आणि वर थोडे पैसे दिले. २००९ सालची ही गोष्ट. म्हणजे ज्या गाडीने मी महाराष्ट्र पाहिला, ती एका बेकार झालेल्या पोराच्या हौसेची गाडी होती, हे मी कधी विसरलो नाही.

संघटकाचे काम म्हणजे सतत वणवण. आज नाशिकला बैठक, उद्या वाळूजला गेटमीटिंग, परवा चिपळूणला समेटाची बोलणी. आपल्या अर्नाळा आगारातून एस.टी. सुटते खरी, पण बैठका काही एस.टी.चे वेळापत्रक पाहून ठरत नाहीत. म्हणून मी ही गाडी जुंपली. पहिल्या महिन्यातच माझ्या ध्यानात आले की, ही गाडी साध्या गाडीसारखी नाही. तिला स्वतःचे एक मत आहे.

हे मत कोणते? साध्या मोटारसायकलवर माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो. स्पोर्ट्स बाईक म्हणतात त्या गाडीची बैठक निराळी. हँडल खाली आणि पुढे, पायांचे आधार मागे, पाठ वाकलेली. ही बैठक शर्यतीसाठी आखलेली आहे. इंग्लंडजवळच्या आईल ऑफ मॅन बेटावर १९०७ सालापासून मोटारसायकलींच्या शर्यती होत आल्या आहेत. तिथे वारा अंगावर कमी यावा म्हणून स्वार वाकून बसू लागले आणि तीच बैठक पुढे बाजारातल्या गाड्यांत उतरली. आता गंमत पाहा. या बैठकीत हळू गेलात तर शरीराचा सारा भार मनगटांवर येतो. तासाभरात तळहात बधिर होतात, मान आखडते. वेग वाढवलात की समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटे मोकळी होतात. म्हणजे या गाडीवर हळू जाणे हीच शिक्षा आणि वेगाने जाणे हाच आराम! शिवाय इंजिनही असे बांधलेले की, त्याची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत. खाली ते कुरकुरते, वर गेले की गाऊ लागते.

आम्ही कामगार मंडळी हे दुखणे चांगले ओळखतो. कारखान्यात याला नगावरची मजुरी म्हणतात. मुकादम ओरडत नाही, मालक चाबूक घेऊन उभा राहत नाही. पण रचनाच अशी की, कामगार आपण होऊन हात भरभर चालवतो, जेवणाची सुट्टी अर्ध्यावर आणतो आणि शेवटी बोट गमावतो. स्पोर्ट्स बाईक आपल्या स्वाराला नगावरच्या मजुरीला लावते.

माझे वडील इथल्याच मचव्यावर खलाशी होते. मचव्यांना इंजिने बसली तेव्हा गावातल्या तरुणांना वाटले, आता समुद्र आपल्या मुठीत आला. वडिलांचा नाखवा मात्र पूर्वीसारखाच किनाऱ्यावर उभा राहून भरती-ओहोटी पाही, वाऱ्याकडे तोंड करी, मग ठरवी. तो म्हणे, “इंजिन बोटीला बसवलंय, माणसाला नाही.” लहानपणी हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. त्याचा अर्थ मात्र मला फार उशिरा, समुद्रापासून फार दूर, वऱ्हाडातल्या एका रस्त्यावर कळला.

ती गोष्ट २०११ च्या डिसेंबरातली. नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. अधिवेशनावर मोर्चे जातात हे तुम्ही जाणताच. आमचाही मोर्चा होता, कंत्राटी कामगारांचा. मागणी कोणती? कंत्राटी माणसाकडून बारा बारा, सोळा सोळा तास काम घेतले जाते, ते बंद करा. आठ तासांचा दिवस कायद्यात आहे, तो त्यालाही द्या. कार्यकर्ते रेल्वेने आदल्या दिवशीच गेले. मी इथल्या एका गेटमीटिंगसाठी मागे राहिलो. पहाटे चारला उठलो, सातला सभा घेतली, आठ तासांच्या हक्कावर घसा फोडून बोललो आणि दहाला अर्नाळ्याहून गाडी सुरू केली. शिरसाड फाटा, वज्रेश्वरी, कसारा घाट, नाशिक. तिथून वैजापूर आणि तेव्हाचे औरंगाबाद. अंधार पडला तेव्हा मी जालन्याच्या अलीकडे होतो. सिंदखेडराजा, मेहकर मागे पडले. मध्ये तीनदा चहा झाला, जेवण असे नाहीच. अर्नाळा ते नागपूर हे अंतर साडेआठशे किलोमीटरांच्या घरात आहे. ते एका दमात तोडल्याचे दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांना सांगायचे, ही हौसही मनात होती. ती नाकारली तर मी खोटा ठरेन.

रात्रीचा एक वाजला असेल. कारंजा जवळ आले होते. थंडी मी म्हणत होती. त्यानंतर मला आठवते ते एवढेच की, रस्त्याचा आवाज थांबला. डोळे उघडले तेव्हा मी तुरीच्या शेतात पडलो होतो. गाडी दहा पावलांवर आडवी, तिचा दिवा तसाच जळत होता. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून आज तुमच्यासमोर बोलतो आहे. हासळीचे हाड मोडले होते. दोष रस्त्याचा नव्हता, गाडीचा नव्हता, समोरून कोणी आलेलेही नव्हते. मी झोपलो होतो.

मागून एक ट्रक येत होता. त्याने शेताकडे वळलेला दिवा पाहिला आणि तो थांबला. ड्रायव्हर आणि क्लीनर उतरले, त्यांनी मला बांधावर टेकवून बसवले, पाणी पाजले. ड्रायव्हर वऱ्हाडातलाच, पन्नाशीचा. त्याने विचारले, “भाऊ, किती तास झाले चालवून राह्यले?” मी म्हटले, “पंधरा.” तो जरा वेळ काही बोलला नाही. मग क्लीनरकडे बोट दाखवून म्हणाला, “आमच्या गाडीवर दोघं असतो. एक झोपला तं दुसरा जागते. तुमच्या गाडीवर कोन जागत होतं?”

मंडळी, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या पिशवीत मोर्चाचे निवेदन होते आणि त्यातली पहिली मागणी आठ तासांची होती. ज्या हाताने ती मागणी लिहिली, तो हात आता गळ्यात बांधला होता. मोर्चा माझ्यावाचून निघाला, निवेदन माझ्यावाचून दिले गेले. काही अडले नाही. त्या ड्रायव्हरचे नाव विचारायचेही मला सुचले नाही.

कारंज्याच्या दवाखान्यात छताकडे पाहत पडलो असताना मी जो विचार केला, तोच आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि सहा वर्षे खटपट करून १० जून १८९० रोजी आठवड्याची सुट्टी पदरात पाडून घेतली. त्याआधी १८८६ मध्ये शिकागोच्या कामगारांनी आठ तासांसाठी रक्त सांडले होते. आपल्याकडे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. त्याने ड्रायव्हरचा दिवस आठ तासांचा आणि आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा ठरवला; सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विसावा मिळालाच पाहिजे, असे बजावले. २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा सामावून घेतला गेला. हे आकडे काही कोणा साहेबाच्या कृपेने आलेले नाहीत. चाकाखाली आणि पट्ट्याखाली गेलेल्या माणसांच्या हिशेबातून ते निघाले आहेत. पण हा सारा कायदा पगारी ड्रायव्हरसाठी. हौसेने निघालेल्या स्वाराचे काय? तो स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार. मालक म्हणतो, अजून शंभर किलोमीटर ओढ. कामगार दमला आहे, पण त्याची युनियन नाही. तेव्हा दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याने पहिले काम कोणते करावे? आपल्यातल्या त्या कामगाराची युनियन बांधावी.

हिशेब करून पाहू. ताशी नव्वद किलोमीटर म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. तीन सेकंद डोळा लागला तर गाडी पंचाहत्तर मीटर गेली. आपल्या डेपोत एस.टी.च्या सात गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढे अंतर तुम्ही आंधळेपणाने तोडले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. एखाद्या उद्योगात वर्षाला इतकी माणसे मेली असती तर आम्ही देशव्यापी संप पुकारला असता!

माझे तरुण मित्र यावर म्हणतात, “काका, तुम्ही म्हातारे झालात. अमेरिकेतल्या एका संस्थेत चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर गाडी मारणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. आपल्या देशातही तसे स्वार आहेत.” आहेत, मी नाही म्हणत नाही. त्यांचे शरीर कमावलेले असते, तयारी महिन्यांची असते, आणि त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पहिलवान दोन हजार जोर काढतो म्हणून गावातल्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ते काढू नयेत, एवढेच माझे सांगणे. आणि दुसरे असे की, त्या प्रमाणपत्रावर किलोमीटर लिहिलेले असतात. वाटेत काय पाहिले, हा रकाना तिथे नसतो.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घ्या. मुंबईचा योगेश आलेकरी हा तरुण १ मे २०२५ रोजी, म्हणजे नेमका कामगारदिनी, मोटारसायकलवरून लंडनला निघाला. त्याची गाडी केटीएम ३९० अॅडव्हेंचर. या गाड्या पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तयार होतात. तोच तो चाकणचा कारखाना, जिथल्या कामगारांनी २०१३ साली जवळजवळ पन्नास दिवस संप केला आणि कंपनीचे शेअर्स आम्हांला सवलतीत द्या, अशी आगळी मागणी केली. आमच्या माणसांच्या हातांनी आवळलेले नटबोल्ट मध्य आशियातून आणि रशियातून थेट इंग्लंडपर्यंत गेले, याचा मला अभिमान वाटतो. सतरा देश, सुमारे चोवीस हजार किलोमीटर, ११८ दिवस. आणि इंग्लंडात, नॉटिंगहॅमच्या एका बागेजवळून ती गाडी चोरीला गेली! बातमी सर्वत्र झाली, लोक हळहळले आणि तिथल्याच एका विक्रेत्याने त्याला तशीच दुसरी गाडी दिली.

लोकांनी चोरीची बातमी वाचली. मी कागद घेऊन भागाकार केला. चोवीस हजार भागिले एकशे अठरा: दिवसाला सरासरी दोनशे किलोमीटर. मंडळी, ज्याने अर्धे जग ओलांडले, त्याची रोजची सरासरी अर्नाळा ते महाड एवढीच पडते! आपली पोरे एका रविवारी याच्या तिप्पट करतात आणि सोमवारी इस्पितळात असतात. दूर जातो तो वेगाने जातोच असे नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी अडीचशे किलोमीटर अडीच आठवड्यांहून अधिक काळ चालते. वारकऱ्याला विचारा, तो किलोमीटर सांगत नाही, मुक्काम सांगतो. समोर समुद्रात उभा असलेला आपला किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला, पण वसई पडायला १७३९ चा मे उजाडावा लागला. लांबच्या मोहिमा मुक्कामांनी पार पडतात.

महाडचे नाव निघाले म्हणून एक कबुली देतो. मुंबई-गोवा रस्त्याने त्या गावावरून मी किती वेळा गेलो असेन! दर वेळी मनात हिशेब एकच, अंधारापूर्वी चिपळूण गाठायचे. हाड सांधल्यावर मी नेम केला की, दिवसाला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरांवर जायचे नाही. त्या नेमाने पहिल्यांदाच मी महाडला मुक्कामाला राहिलो. संध्याकाळी पायी चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी जिथे पाण्याला हात लावला, त्या पायऱ्यांवर बसलो. आयुष्यभर भाषणांतून महाडचे नाव घेतले होते, आणि रस्त्यावरून थोडे आत वळायला मला अपघात व्हावा लागला! मी त्या सगळ्या वेळी प्रवास केला होता असे आता म्हणवत नाही. नुसता रस्ता संपवला होता.

आता कोणी सुज्ञ श्रोता म्हणेल, हे सारे खरे, पण पोरे घाई का करतात ते सांगा. तेच सांगतो, कारण माझ्या मते मुळाचा प्रश्न तोच आहे. मे-जूनमध्ये लेहकडचे घाट मोकळे होतात. आपल्या गावातली चार-पाच मुले यंदा निघणार आहेत, मला माहीत आहे. इथून लेह चोवीसशे-पंचवीसशे किलोमीटर. जाऊन येऊन पाच हजार. आणि रजा किती? एकाला आठ दिवस, दुसऱ्याला दहा, तिसरा कंत्राटी असल्याने त्याला रजाच नाही, तो बिनपगारी चालला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली होती, पण कंत्राटी पोराच्या वाट्याला ती येते कुठे? मग तो पाचशे-सहाशे किलोमीटरांचे दिवस आखतो, रात्री गाडी मारतो. म्हणजे रस्त्यावरची घाई रस्त्यावर जन्मत नाही, ती कारखान्याच्या आणि कचेरीच्या दाराशी जन्मते. आणि जी मुले याच शहरात खाण्याचे डबे दुचाकीवरून दहा-पंधरा मिनिटांत पोहोचवत दिवसाचे बारा तास फिरतात, त्यांची तर ही हौसही नव्हे, भाकरी आहे. वेगाबद्दल पोरांना बोल लावण्याआधी त्यांचे तास कोण चोरतो, हे आपण मोठ्यांनी विचारले पाहिजे.

तोपर्यंत निघणाऱ्यांसाठी माझा एक करारनामा आहे. स्वार आणि त्याचे शरीर यांच्यातला. कलम पहिले: उजाडल्यावर निघायचे, दिवेलागणीला थांबायचे. कलम दुसरे: दर दीड-दोन तासांनी उतरायचे, हेल्मेट काढायचे, मनगटे आणि मान मोकळी करायची, पाणी प्यायचे. कलम तिसरे: पाच तासांच्या आत अर्धा तास पुरी विश्रांती, आणि चहा-पाण्यासकट दिवस आठ तासांचा. कलम चौथे: सहा दिवसांमागे एक दिवस गाडी उभी. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी आहे ती, फुकट घालवू नये. कलम पाचवे: हेल्मेट, जाड अंगरखा, हातमोजे, घोट्यावरचे बूट, मागे बसणाऱ्यालाही तेच. कलम सहावे, गाडीचा हक्क: सकाळी चाके थंड असताना हवा पाहायची, दर पाचशे किलोमीटरांना साखळी पुसून तेल द्यायचे, ब्रेक आणि तेलाची पातळी रोज पाहायची, सामान मागे उंच न रचता खाली आणि मधोमध बांधायचे. दहा दिवसांची रजा असेल तर दहा दिवसांत मावेल एवढाच मुलूख निवडायचा. कोकण आहे, सह्याद्री आहे, वऱ्हाड आहे. लेह कुठे पळून जात नाही.

ती करिझ्मा आजही माझ्याकडे आहे. हँडल मी थोडे उंच करून घेतले आहे. शर्यतवाले हसतात, हसोत. ज्याच्याकडून ती घेतली, तो मुलगा पुढे दुसऱ्या कारखान्यात लागला, आता कायम आहे. परवा तो म्हणाला, “दादा, दिवाळीत पंधरा दिवस रजा साठली आहे. गाडी द्याल का? कन्याकुमारीला जातो.” मी किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि विचारले, “किती दिवसांत?” तो म्हणाला, “जायला आठ.” मी मनातल्या मनात भागाकार केला. दोनशेच्या थोडे वर येतात. म्हटले, “जा.”

रात्र झाली आहे आणि येथे दुचाकीवर आलेले पुष्कळजण दिसतात. सावकाश जा.